कॅप्चाच्या चौकटीत जाहिरात: पहिल्या मोजणीपासून पहिल्या बिलापर्यंत

फॉर्म भरताना माणूस कॅप्चाच्या, म्हणजे ‘मी रोबो नाही’ हे सिद्ध करायच्या, चौकटीकडे बघतोच. बाजूच्या जाहिरातीवरून त्याची नजर सहज घसरते. म्हणून त्या चौकटीत जाहिरात लावायची कल्पना अनेकांना सुचते, आणि बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: ते जाहिरातीलाच राखणीला बसवतात. साडीच्या दुकानाचं चित्र, त्यावर ‘अस्सल येवला पैठणी’ ही अक्षरं आणि खाली ‘वरचे शब्द टाइप करा’. महिनाभर उत्तर तेच. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम, चालवणाऱ्याने ते एकदा वाचलं की त्याचं काम झालं. मग फॉर्ममध्ये कचरा साठतो, मालक वैतागून अक्षरं वेडीवाकडी करतो, खऱ्या माणसांना ती वाचता येत नाहीत आणि जाहिरातदाराला बॉटने टाइप केलेल्या शब्दांचं बिल जातं.

बॉट अडवणारं कुलूप वेगळं हवं आणि दुकानाची पाटी, म्हणजे जाहिरात, वेगळी. या लेखातले सगळे टप्पे एवढ्याच गोष्टीवर उभे आहेत. उदाहरणासाठी नाशिक जिल्ह्यापुरतं मराठी संकेतस्थळ घेऊ: लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे कांदा भाव, द्राक्षबागेची माहिती, स्थानिक नोकऱ्या, क्लासच्या चौकशा. ते वर्डप्रेसवर आहे असं धरलं आहे. इतर ठिकाणीही क्रम हाच राहील.

टप्पा १: आधी मोजा, मग स्वप्नं बघा

कॅप्चाचं उत्पन्न पानं किती पाहिली गेली यावर ठरत नाही. फॉर्म किती भरले गेले यावर ठरतं. मागच्या तीन महिन्यांचे तीन आकडे प्रत्येक फॉर्मसाठी वेगळे काढा:

- फॉर्म असलेलं पान किती वेळा उघडलं
- फॉर्म किती वेळा पूर्ण झाला
- आलेल्या नोंदींपैकी किती कचरा म्हणून काढून टाकल्या

समजा महिन्याला ६०,००० पानं पाहिली जातात, फॉर्म २,४०० वेळा उघडतात आणि १,५०० वेळा पूर्ण होतात. जाहिरातीवर एक सोपा प्रश्न विचारायचा आहे (टप्पा ४), त्याला जास्तीत जास्त १,५०० वेळा उत्तर मिळू शकतं. त्यातल्या ६०० जणांनी उत्तर न देता जाहिरात ओलांडली तर उरली ९००. उत्तरामागे २ रुपये धरले तर महिन्याचे १,८०० रुपये. गणित एवढंच आहे. यातून पगार निघणार नाही. होस्टिंग, डोमेन आणि एसएमएसचा खर्च सुटू शकतो.

आकडा छोटा दिसला की पुढची चूक ठरलेली: कॅप्चा वाढवायचे. बातमी वाचायला कॅप्चा, भाव बघायला कॅप्चा, पीडीएफ उतरवायला कॅप्चा. सकाळी सहाला कांद्याचा भाव बघायला आलेला शेतकरी दोनदा अडला की तिसऱ्यांदा येत नाही. जिथे बॉटपासून खरंच धोका आहे तिथेच कॅप्चा हवा: नोंदणी, चौकशी, प्रतिक्रिया, ओटीपी पाठवणारं बटण. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथे बॉट शिरला तर एसएमएसचं बिल तुमच्या खिशातून जातं.

*तपासणी: फॉर्म उघडणाऱ्यांपैकी किती टक्के तो पूर्ण करतात, हा आकडा लिहून ठेवा. वरच्या उदाहरणात तो ६२.५ टक्के आहे. शेवटच्या टप्प्यात तो लागेल, आणि जाहिरात लावल्यावर तो काढता येणार नाही.*

टप्पा २: कुलूप बसवा, जाहिरातीशिवाय

या टप्प्यावर जाहिरातीचं नावही काढू नका. कुलूप किमान दोन आठवडे एकटं चालू द्या, म्हणजे पुढे काही बिघडलं तर ते कशामुळे बिघडलं हे कळेल.

माणूस ओळखण्याचं काम तयार सेवेला द्या. क्लाउडफ्लेअरची टर्नस्टाईल लहान संकेतस्थळाला मोफत योजनेत पुरते आणि बहुतेक वेळा कोडं न घालता काम करते. गूगलची रीकॅप्चा किंवा एचकॅप्चाही चालेल, पण मोफत मर्यादा आधी वाचून घ्या. सेवेकडून दोन चाव्या मिळतात. साइट की पानावर जाते. सीक्रेट की फक्त सर्व्हरवर राहते. ती जावास्क्रिप्टमध्ये किंवा सार्वजनिक कोडमध्ये गेली की लगेच बदलायची.

इथे होणाऱ्या चुका, जितक्या वेळा होतात त्या क्रमाने:

ब्राउझरमध्ये हिरवी खूण दिसली म्हणजे काम झालं असं समजणं. ती खूण बॉट बघतच नाही, तो थेट सर्व्हरला नोंद पाठवतो. फॉर्मबरोबर आलेलं टोकन, म्हणजे सेवेने दिलेली सांकेतिक पावती, तुमच्या सर्व्हरने सेवेकडे पाठवून पडताळलंच पाहिजे आणि ‘यशस्वी’ असं उत्तर आल्यावरच नोंद साठवली पाहिजे.

टोकनचा वेळ विसरणं. टर्नस्टाईलचं टोकन पाच मिनिटं टिकतं आणि एकदाच पडताळता येतं. नोकरीचा अर्ज भरायला दहा मिनिटं लागतात. टोकन आपोआप नवं होण्याची सोय बंद केली असेल तर सगळं भरून झाल्यावर माणसाला चूक दिसते, आणि त्याने लिहिलेलं पुसलंही गेलं तर तो परत येत नाही. पडताळणी फसली तरी भरलेले रकाने जागेवर राहिले पाहिजेत.

चाचणीची चावी तशीच ठेवणं. टर्नस्टाईल ‘नेहमी पास’ आणि ‘नेहमी नापास’ अशा चाचणी चाव्या देते. चाचणी संपल्यावर ‘नेहमी पास’ राहून गेली तर दार सताड उघडं, आणि पानावर सगळं ठीक दिसत असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही.

याच्या जोडीला दोन साधे उपाय पुरतात. पहिला हनीपॉट, म्हणजे माणसाला न दिसणारा रिकामा रकाना. बॉट तो भरतो आणि सापडतो. त्याला ‘ईमेल’ किंवा ‘फोन’ असं नाव देऊ नका. ब्राउझरचं ऑटोफिल तो स्वतःच भरतं आणि खरा माणूस बॉट ठरतो. टॅब दाबत जाणाऱ्याचा कर्सर तिथे थांबू नये आणि स्क्रीन रीडरने तो वाचू नये, याचीही सोय करा. दुसरा उपाय वेळेचा: पान उघडल्यापासून तीन सेकंदांच्या आत आलेली नोंद बाजूला ठेवा.

> सावध: एका आयपी पत्त्यावरून ठरावीकच नोंदी घ्यायच्या, हा उपाय जपून वापरा. मोबाइल इंटरनेटवर शेकडो ग्राहक एकाच आयपीमागे असतात. दहा मिनिटांत पाच नोंदी अशी मर्यादा घातली, तर बाजार समितीत एकाच वेळी फॉर्म उघडणारे वीस जण एकमेकांमुळे अडतील.

टप्पा ३: जाहिरातीची जागा आखा

फॉर्मचा क्रम असा ठेवा: रकाने, मग जाहिरातीची चौकट, मग टर्नस्टाईल, मग ‘पाठवा’चं बटण. टर्नस्टाईलचा नेहमीचा आकार ३०० बाय ६५ पिक्सेल असतो. जाहिरातीची रुंदीही ३०० ठेवली तर लहान मोबाइलवर आडवं सरकवावं लागत नाही. उंची १०० किंवा २५०. चित्र वेबपी या हलक्या फाइल प्रकारात आणि ५० केबीच्या आत. सुरगाणा–पेठ भागात नेटवर्क अडखळतं तेव्हा हा फरक जाणवतो. चौकटीची उंची पानाच्या कोडमध्येच ठरवून टाका. नाहीतर चित्र उशिरा उतरतं, बटण खाली सरकतं आणि बोट भलतीकडे पडतं.

चौकटीच्या वर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक हवा आणि खाली ‘जाहिरात नको, पुढे जा’ हा पर्याय हवा. हा फक्त चांगुलपणा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ फसवे प्रकार दिले आहेत. छुपी जाहिरात आणि सक्तीची कृती हे दोन्ही त्यात आहेत. ‘सुरक्षेसाठी हे टाइप करा’ असं सांगून दुकानाची ओळ लिहून घेणं दोन्हींत बसू शकतं. ओलांडायच्या बटणावर ‘नको, मला बचत आवडत नाही’ असली टोमणेवजा वाक्यं लिहिणं हाही त्याच यादीतला प्रकार आहे.

> सावध: संकेतस्थळावर गूगलकडून जाहिराती आणणारं अ‍ॅडसेन्स असेल तर या पानापासून ते दूर ठेवा. बटणाजवळच्या जाहिरातीवर चुकून पडणारे क्लिक आणि ‘पुढे जाण्यासाठी क्लिक करा’ अशी गळ, दोन्हींमुळे खातं बंद होऊ शकतं. अ‍ॅडसेन्सच्या जाहिरातीला कॅप्चा बनवायचा विचार तर सोडूनच द्या. ऑटो अ‍ॅड्स (गूगलने स्वतः जागा निवडून लावलेल्या जाहिराती) चालू असतील तर फॉर्मची आणि ‘धन्यवाद’ची पानं त्यातून वगळा. ‘धन्यवाद’चं पान नेमकं विसरलं जातं.

टप्पा ४: प्रश्न तयार करा

प्रश्न जाहिरातीवरच हवा आणि उत्तर चित्रात स्पष्ट दिसलं पाहिजे. ठिबकच्या दुकानाच्या जाहिरातीत ‘जोडणी मोफत’ लिहिलं असेल तर प्रश्न: ‘या दुकानात काय मोफत आहे?’ खाली तीन बटणं: जोडणी, पाइप, पंप. एकदा बोट लावलं की झालं. टाइप करून घेतल्यास शब्द जास्त लक्षात राहतो असं जाहिरातदार म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. पण मोबाइलवर कीबोर्ड उघडतो, निम्मा पडदा झाकतो आणि चित्रच दिसेनासं होतं. मोबाइलवर बटणं द्या. टाइप करायचा पर्याय संगणकापुरता ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जाहिरातीचं उत्तर चुकलं म्हणून फॉर्म अडवायचा नाही. नोंद स्वीकारायची की नाही हे टप्पा २ मधलं कुलूप ठरवतं. जाहिरातीच्या उत्तरावरून फक्त बिलात मोजायचं की नाही एवढंच ठरतं. त्यामुळे बॉटने उत्तर शोधलं तरी त्याला काही मिळत नाही, आणि एखाद्याला प्रश्न कळला नाही तरी त्याचा अर्ज अडकत नाही.

सर्व्हरवरचा क्रम:

1. पान उघडल्यावर ब्राउझर तुमच्या सर्व्हरकडून जाहिरात मागवतो. सर्व्हर स्वतःचं एक यादृच्छिक टोकन (टर्नस्टाईलच्या टोकनाहून वेगळं) बनवतो आणि त्यासमोर फॉर्मचं नाव, जाहिरातीचा क्रमांक, बरोबर उत्तर आणि वेळ नोंदवतो. ब्राउझरकडे टोकन, चित्र आणि पर्याय एवढंच जातं.
2. फॉर्म आल्यावर आधी टर्नस्टाईल, मग हनीपॉट, मग वेळ. यातलं काहीही फसलं तर पुढे जायचं नाही.
3. त्यानंतरच जाहिरातीचं टोकन बघायचं: आधी वापरलेलं नाही ना, ३० मिनिटांच्या आतलं आहे ना, उत्तर बरोबर आहे का.
4. टोकन ‘वापरलं’ म्हणून बंद करायचं, उत्तर बरोबर असो वा चूक.

उत्तर कुठे कुठे गळतं ते बघा. चित्राच्या फाइलला ‘जोडणी-मोफत’ असं नाव दिलेलं असतं. बरोबर पर्याय नेहमी पहिला असतो. बटणाच्या कोडमध्ये बरोबरसाठी ‘१’ आणि चुकीसाठी ‘०’ लिहिलेलं असतं. फाइलला क्रमांक द्या, पर्यायांचा क्रम दर वेळी बदला. चित्राचा पर्यायी मजकूर मात्र काढू नका. दृष्टिहीन वाचकाला जाहिरात कळली पाहिजे, आणि उत्तर त्या मजकुरात आलं तरी बिघडत नाही, कारण राखण दुसरीकडे आहे.

वर्डप्रेसवाल्यांचं सगळ्यात मोठं दुखणं कॅशचं, म्हणजे वेगासाठी पानाची तयार प्रत साठवून ठेवण्याचं. कॅश प्लगइन फॉर्मचं अख्खं पान साठवतं आणि सगळ्यांना एकच टोकन मिळतं. पहिल्याचं उत्तर धरलं जातं, बाकीच्यांचं ‘आधीच वापरलेलं’ म्हणून बाद होतं. मालकाला वाटतं लोक उत्तरच देत नाहीत. टोकन पानात छापू नका. ते वेगळ्या पत्त्यावरून मागवा आणि तो पत्ता कॅशमधून वगळा. सीडीएन (पानाच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) असेल तर तिथेही.

*तपासणी: दोन वेगळ्या मोबाइलवर, दोन वेगळ्या सिमवर, एकाच वेळी पान उघडा. टोकन वेगळी आली पाहिजेत.*

टप्पा ५: मराठी टाइप केलेलं उत्तर

टाइपचा पर्याय ठेवला असेल तर हा भाग सोडू नका. इंग्रजीसाठी बनवलेले तयार प्लगइन इथे सपशेल पडतात. एकच शब्द मराठीत दोन प्रकारे टाइप होतो आणि पडद्यावर सारखाच दिसतो. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून येतं, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. ‘ऱ्य’मधला अर्धा र नुक्त्याच्या ‘ऱ’पासून बनतो, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर लावून. संगणकाला हे वेगवेगळे शब्द वाटतात.

तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंवर, म्हणजे साठवलेल्या आणि आलेल्या उत्तरावर, एकाच क्रमाने हे करा: युनिकोड एनएफसी रूप (एकच अक्षर एकाच ठरलेल्या संकेतात आणणं), झीरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढणं, ‘अ’ आणि चंद्र जोडून आले तर त्याचा ‘ॲ’, ‘ऱ’चा ‘र’, देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक एकाच रूपात, कडेच्या आणि दुहेरी जागा काढणं. शेवटी ऱ्हस्व-दीर्घ माफ करा: ‘ि’ आणि ‘ी’ एक, ‘ु’ आणि ‘ू’ एक. ‘पैठणि’ लिहिणाऱ्याने जाहिरात वाचलेली आहे, आणि आपल्याला तेवढंच मोजायचं आहे. रोमन लिपीतलं उत्तरही यादीत जोडून ठेवा. उत्तर दोन शब्दांपेक्षा मोठं नको.

टप्पा ६: कुणाची जाहिरात, कोणत्या फॉर्मवर

लहान संकेतस्थळाने जाहिरात थेट स्थानिक दुकानदाराला विकावी. त्याला विकायची आहे ती फॉर्मची नेमकी जागा. कांदा भावाच्या नोंदणीवर ठिबक, चाळीचं साहित्य, गोण्या. द्राक्षाच्या फॉर्मवर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी बागेचं साहित्य, आणि काढणीच्या दिवसांत पेट्या व पॅकिंग. मे-जूनमध्ये क्लास. सिंहस्थाच्या काळात निवास आणि वाहनं.

चित्र आणि मजकूर त्याच्याकडून घ्या, कोड कधीही घेऊ नका. चित्र तुमच्याच सर्व्हरवर ठेवा. घेण्याआधी हे बघा:

- प्लॉट, फ्लॅट: महारेरा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड हवा. तो कोड १०० पिक्सेल उंचीत स्कॅन होत नाही. २५० ची चौकट द्या.
- वाइनरी: नाशिकमध्ये ही मागणी येणारच. महाराष्ट्रात मादक पेयांच्या जाहिरातीवर दारूबंदी कायद्याने निर्बंध आहेत. निवासाच्या नावाखाली बाटली दाखवणारं चित्रही नाकारा.
- क्लास: ‘शंभर टक्के निवड’सारखी हमी नको. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो असेल तर त्याची लेखी संमती मागा.
- चमत्कारी औषधं, पैसे लावून खेळायचे खेळ: सरळ नाही म्हणा.

फॉर्ममधला मोबाइल नंबर जाहिरातदाराला द्यायचा नाही, त्याने कितीही गोड बोलून मागितला तरी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार ज्या कारणासाठी माहिती घेतली त्यासाठीच ती वापरायची असते. त्याच कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करून जाहिरात दाखवायला मनाई आहे. दहावी-बारावीच्या मुलांच्या चौकशी फॉर्मवर ही चौकट लावूच नका.

> सावध, ‘कॅप्चा नेटवर्क’: कोड चिकटवा आणि घरबसल्या कमवा असं सांगणारे भेटतील. त्यांचा कोड वाचकाला ‘रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ म्हणत असेल, तर ती नोटिफिकेशनची जाहिरातबाजी आहे. ‘विंडोज आणि आर दाबा, पेस्ट करा’ म्हणत असेल तर तो थेट मालवेअर आहे. कॉइनहाइव्हच्या कॅप्चात वाचकाच्या प्रोसेसरवर मोनेरो या आभासी चलनाचं मायनिंग होत असे. ती सेवा २०१९ मध्ये बंद झाली, पण ती युक्ती अजून कुणीही वापरू शकतो. नोंदणी फी आधी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार करा.

टप्पा ७: दर, मोजणी, बिल

काय मोजायचं ते पैसे ठरवण्याआधी लिहून द्या. बिलात धरायचं उत्तर म्हणजे: कुलूप पार केलेली नोंद, बरोबर उत्तर, जाहिरात दिसल्यापासून किमान दोन सेकंदांनी दिलेलं, आणि एका ब्राउझरवरून दिवसाला एकदाच. ओलांडलेल्या आणि चुकलेल्या जाहिराती अहवालात दाखवा, बिलात धरू नका. चुकीची उत्तरं खूप असतील तर बहुधा चित्रातली अक्षरं बारीक आहेत. पाच इंची मोबाइलवर हातभर अंतरावरून वाचून बघा.

पहिल्या महिन्याला उत्तरामागे दर लावण्यापेक्षा ठरावीक रक्कम घेणं दोघांनाही सोपं जातं. उत्तरं किती येतात हे कुणालाच माहीत नसतं, आणि दुकानदाराला खर्चाचा आकडा आधी हवा असतो. दुसऱ्या महिन्यापासून खऱ्या आकड्यांवर दर बसवा. दुकानात किती जण आले हे कळायला जाहिरातीत एक सवलतीचा शब्द द्या, जो गल्ल्यावर सांगायचा.

बिलावर सेवेचा कोड ९९८३६५ येतो: इंटरनेटवरील जाहिरातीच्या जागेची विक्री. सगळ्या व्यवसायाची मिळून वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावताही येत नाही. नोंदणी असेल तर दर १८ टक्के. मोठी कंपनी टीडीएस कापेल, तिला पॅन आधीच द्या.

टप्पा ८: चालू करा, एकाच फॉर्मवर

सगळ्यात कमी जोखमीचा फॉर्म निवडा. कांदा भावाची नोंदणी चालेल, नोकरीचा अर्ज नको. चालू करण्याआधी साध्या अँड्रॉइड फोनवर, टूजी वेगावर, चित्र न उतरल्यावर, जावास्क्रिप्ट अडवल्यावर आणि स्क्रीन रीडर चालू ठेवून फॉर्म भरून बघा. जाहिरात उतरलीच नाही तर चौकट गुपचूप नाहीशी झाली पाहिजे आणि फॉर्म तरीही गेला पाहिजे. जावास्क्रिप्ट अडवल्यावर टर्नस्टाईल चालणार नाही. तिथे निदान ‘फोन करा’ एवढी ओळ दिसू द्या.

दर सोमवारी तीनच गोष्टी बघा: फॉर्म पूर्ण करणाऱ्यांची टक्केवारी, ओलांडणाऱ्यांची टक्केवारी, कचरा नोंदी. टप्पा १ मध्ये लिहिलेली टक्केवारी दोन आठवडे सलग पाच अंकांनी खाली राहिली, म्हणजे ६२.५ वरून ५७.५ च्या खाली गेली, तर त्या फॉर्मवरची जाहिरात काढा. ठरावीक रकमेचा करार असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत करायची अट आधीच लिहिलेली असावी. ओलांडणारे वाढले पण पूर्ण करणारे तेवढेच राहिले, तर चित्र जुनं झालं आहे. तीन आठवड्यांनी चित्र आणि प्रश्न दोन्ही बदला. कचरा वाढला तर जाहिरातीला हात लावू नका, कुलपाची सीक्रेट की आणि सर्व्हरवरची पडताळणी तपासा. टोकनांच्या नोंदी बिल मंजूर झाल्यावर ३० दिवसांनी पुसा आणि महिन्याची बेरीज तेवढी ठेवा.